तर्कातून गणित, सहा शनिवारांत: कोल्हापूरच्या राजारामपुरीतला वर्ग कसा आहे?

अंकगणित निव्वळ तर्कशास्त्रातून उभं करता येतं का, एवढ्या एका प्रश्नावर दोन-दोन तासांच्या सहा बैठका. या विषयावर गप्पा हाणणारे पुष्कळ. इथे फळ्यावर सिद्धता मांडतात.

पहिल्या दोन बैठका लई भारी. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेची 1884 ची मांडणी चप्पल लाइनवरून, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारावरून, उलगडली आहे. डाव्या-उजव्या चपला तितक्याच आहेत हे कळायला त्या मोजाव्या लागत नाहीत. जोड लावत गेलं आणि एकही सुटी उरली नाही की झालं. म्हणजे ‘तितकेच’ हे संख्येच्या आधी येतं. पुढे पायऱ्या: स्वतःशी समान नसलेलं काहीच नसतं, त्याची संख्या 0. 0 शी समान वस्तू एकच, म्हणून 1. 0 आणि 1 धरून 2. 0 पासून n पर्यंतच्या संख्या n + 1 भरतात, त्यामुळे गाडी थांबतच नाही.

तिसऱ्या बैठकीत घोळ. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने 1902 मध्ये फ्रेगेला पत्रातून कळवलेला विरोधाभास न्हाव्याच्या कोड्यावर उरकला आहे: जे स्वतःची दाढी करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, करणारा न्हावी स्वतःची करतो का? ‘असा न्हावी गावात नाहीच’ म्हटलं की ते कोडं मिटतं. फ्रेगेला ही पळवाट नव्हती. त्याच्या पाचव्या मूलनियमाने प्रत्येक संकल्पनेला व्याप्ती, म्हणजे तिच्यात बसणाऱ्यांचा संच, मिळतेच, म्हणून ‘स्वतःचे घटक नसलेल्यांचा’ संच मानावाच लागतो. आणि तो स्वतःचा घटक असला तर नसतो, नसला तर असतो. तीन ओळींचं काम होतं. ते गाळल्यावर ऐकणाऱ्याला हा शब्दांचा खेळ वाटला तर नवल नाही.

चौथी बैठक सगळ्यात कसदार. व्हाइटहेड आणि रसेलच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’त 1 + 1 = 2 पान 379 वर सिद्ध होतं, असं जो तो सांगतो. पहिल्या आवृत्तीत तिथे फक्त तयारी आहे. बेरजेची व्याख्या आणि प्रत्यक्ष निष्कर्ष दुसऱ्या खंडात येतात, हे इथे नीट दाखवलं. तो विरोधाभास टाळायला रसेलने वस्तू, त्यांचे संच, संचांचे संच अशा पायऱ्या पाडल्या, तो प्रकार-सिद्धांत. त्यात संख्या ती जे मोजते त्याच्या वरच्या पायरीवर बसते. मग 0 ते n मोजून पुढची संख्या मिळवायची मघाची युक्ती अडते आणि अनंताचं गृहीतक वेगळं आणावं लागतं. जगात अनंत वस्तू आहेत, हे तर्कशास्त्राने कुठल्या तोंडाने सांगायचं? निवडीचं गृहीतकही तसंच: कितीही संच असोत, प्रत्येकातून एकेक घटक उचलता येतो. अनंत जोड चपलांतून ‘डावी घ्या’ म्हणता येतं, मोज्यांना असा नियम नाही. (रसेलचा मूळ दाखला बूट-मोज्यांचा.)

गणिताच्या पायाबद्दल वेगळ्या वाटा धरणारे ब्रॉवर आणि हिल्बर्ट पाचव्या बैठकीत, कामापुरते.

सहाव्यात तर्कशास्त्रज्ञ गोडेलने 1931 मध्ये तर्कवाद (अंकगणित तर्कातूनच निघतं हे मत) संपवला, असा निकाल दिला आहे. तो घाईचा. पुरेसं अंकगणित मावणारी आणि यांत्रिकपणे तपासता येणारी कोणतीही एकच सुसंगत गृहीतक-यादी सगळी सत्यं सिद्ध करू शकत नाही, एवढंच ठरलं. संख्या तर्काच्या आहेत की नाहीत, हा प्रश्न उरतोच. तत्त्वज्ञ क्रिस्पिन राइटने 1983 मध्ये पाचवा नियम बाजूला ठेवून नुसत्या ‘जोडी लागली की संख्या समान’ या तत्त्वावर डाव पुन्हा मांडला. द्वितीय-क्रम तर्कशास्त्रात (जिथे वस्तूंबरोबर गुणधर्मांबद्दलही ‘प्रत्येक’ म्हणता येतं) त्यातून पेआनोची गृहीतकं, म्हणजे अंकगणिताचे पायाभूत नियम, निघतात. भांडण आहे ते हे तत्त्व तर्कशास्त्राचं म्हणायचं का, यावर. पहिल्या दोन बैठकांची सगळी मेहनत इथे वसूल झाली असती. राइटचं नावसुद्धा निघालं नाही.

‘प्रत्येकासाठी एक’ आणि ‘सगळ्यांसाठी एकच’ यांतला फरक चिन्हांत लिहिता येत नसेल, तर दुसऱ्याच शनिवारी दम लागेल. तेवढी तयारी करून जा.