ऐरोलीत दाखवलेली मँडोलिन, ठाण्यात मिळालेली मँडोलिन

जुनी गिब्सन मँडोलिन विकायला काढली आहे असं सांगणारा एक गृहस्थ सध्या ठाणे आणि नवी मुंबईत गिऱ्हाईकं शोधतो आहे. तो दाखवतो ते वाद्य खरं असतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. पैसे घेतल्यावर हातात पडतं ते वाद्य वेगळं. माझे १ लाख ८५ हजार रुपये यात गेले. खारघरच्या एका वादकाचे याहून जास्त गेलेत.

मँडोलिन वाजवणारे आपल्याकडे थोडे, पण जे आहेत ते जीव ओतून वाजवतात. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी पडद्यांच्या, जोडतारांच्या या वाद्यातून रागदारीतली मींड काढली. यू. श्रीनिवास यांनी पाच एकेरी तारांच्या इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीताच्या मैफली गाजवल्या. मी दोन्ही अंगांनी शिकतो आहे, शिवाय तारा व्हायोलिनसारख्याच जी-डी-ए-ई लागत असल्यामुळे विवाल्डीचा सी मेजरमधला कंचेर्टोही घासत असतो. खर्जाच्या जोडीतून भरीव, लांब टिकणारा स्वर हवा असेल तर कोरीव तबलीची (तबली म्हणजे वाद्याची समोरची लाकडी फळी) जुनी मँडोलिन लागते हे मी बरीच वर्षं ऐकत आलो होतो. ऑरव्हिल गिब्सन यांनी तबली वाकवून न बसवता व्हायोलिनसारखी अखंड लाकडातून कोरून काढली. त्यांच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये अमेरिकेत कालामाझू इथे निघाली. तिथली शंभर वर्षं जुनी मँडोलिन ऐरोलीत आहे म्हटल्यावर मी आणि आमचे सर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून गेलोच.

वाद्य १९१४ सालचं, ए मॉडेल, लंबगोल छिद्राचं. आजोबा जहाजावर होते, त्यांनी आणलं, असं तो म्हणाला. सरांनी छोटा आरसा आणि टॉर्च नेला होता. छिद्रातून लेबलवर अनुक्रमांक दिसत होता. मान पेटीत जिथे बसते तिथल्या आतल्या ठोकळ्यावर कारखान्याचा वेगळा क्रमांकही शाईत उमटलेला होता. मान वाकू नये म्हणून आत बसवतात ती सळई नव्हती, आणि ती नसणंच बरोबर होतं, कारण गिब्सनने ती सळई १९२० नंतर बसवायला सुरुवात केली. सरांनी थोडा यमन वाजवला. मंद्र निषादावर बोट उचलल्यानंतरही लाकूड घुमत राहिलं होतं. खोटं वाटावं असं तिथे काहीच नव्हतं, कारण ते वाद्य अस्सलच होतं.

मी ४० हजार यूपीआयने आगाऊ दिले. त्याने स्वतःच्या हाताने पावती लिहिली. तिच्यावर मॉडेल, साल आणि लेबलवरचा अनुक्रमांक एवढंच होतं. ठोकळ्यावरचा क्रमांकही लिहा असं सर म्हणाले, तर तो म्हणाला, "साहेब, कंपनीचा नंबर तोच, बाकी सुतारांच्या खुणा असतात." मग म्हणाला, पडदे झिजलेत, घासून घेतो, नव्या तारा चढवतो, आणि स्वतः घरी आणून देतो. वाद्य विकणारा माणूस असं सहज बोलतो. त्यात संशय घ्यावा असं काय होतं?

ठरल्याप्रमाणे तो नौपाड्यात आमच्या घरी आला. वाद्य ठेवायची पेटी तीच, जुन्या चामड्याचा वास तोच, लेबलवरचा क्रमांक पावतीशी तंतोतंत जुळणारा. उरलेले पैसे मी दिले. जाताना त्याने सांगितलं, लॉइड लोअर यांच्या सहीची एफ-५ पण येते आहे, तुम्हालाच आधी कळवतो. लोअर गिब्सनमध्ये होते तेव्हाची, १९२२ ते १९२४ मधली ही वाद्यं जगभरचे संग्राहक शोधत असतात आणि त्यांच्या किमती ऐकून डोळे फिरतात. ती एफ-५ सहज येते आहे असं कुणी सांगितलं की तिथेच उठावं.

दुसऱ्या दिवशी सर आले, दोन सूर छेडले आणि वाद्य खाली ठेवलं. "ही ती नाही," म्हणाले. आरसा आत घातला तर ठोकळा कोरा. छिद्राच्या कडेला नख लावून पाहिलं तर प्लायवुडचे थर स्पष्ट दिसत होते. कोरीव, अखंड तबलीला तिथे लाकडाच्या सरळ रेषा आरपार गेलेल्या दिसतात. तारा अडकवायच्या मागच्या पट्टीचे स्क्रू फुलीच्या खाचेचे होते. फुलीच्या खाचेचा हा फिलिप्स स्क्रू बाजारात आला १९३० च्या दशकात. १९१४ च्या वाद्यावर तो असेल तर निदान ती पट्टी तरी नंतर बसवलेली. लेबल मात्र जुन्यासारख्या कागदावर अगदी हुबेहूब, आणि त्याखालचा गोंद अजून चिकट होता.

मी फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पावतीवरचा नंबर जुळतोय ना? मग वाद्य तुम्हीच बदललं असणार." पावतीत एकच क्रमांक का, ते मला तेव्हा कळलं. सगळा बेत त्या एका ओळीवर उभा होता. आमच्या हाती असलेला खरा पुरावा वेगळाच निघाला. ऐरोलीत सरांनी तबलीचे जवळून फोटो काढले होते. तबलीच्या स्प्रूस लाकडातल्या रेषा एका झाडाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत, आणि त्या फोटोत छिद्राच्या खाली डाव्या बाजूला एक गडद तिरपी रेघ आहे. घरी आलेल्या वाद्यावर ती नाही. लेबल हवं तितक्यांदा छापता येतं, पण ही रेघ दुसऱ्या लाकडावर उमटवता येत नाही. खारघरच्या वादकाला दाखवलेल्या वाद्याच्या फोटोतही तीच रेघ आहे, म्हणजे एकच अस्सल मँडोलिन आम्हा दोघांनाही दाखवली गेली.

तक्रारीबद्दल थोडं. ऐरोली ठाणे जिल्ह्यात असली तरी हद्द नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची; मी राहतो ठाणे आयुक्तालयात. त्यासाठी अडून राहू नका. हद्द कुठलीही असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. फसवणुकीचं कलम न्याय संहितेत ३१८. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी. आम्ही दोघांनी फोटो, पावत्या आणि बदलून दिलेली वाद्यं पोलिसांकडे दिली आहेत. पैसे अजून मिळालेले नाहीत.

ती अस्सल मँडोलिन अजून त्याच्याकडेच असावी. भोपळी रंगाची तबली, छिद्राखाली डावीकडे गडद तिरपी रेघ, खालच्या ओळीतल्या एका खुंटीचं पांढरं बटण तुटलेलं. अशी मँडोलिन कुणी दाखवली तर आगाऊ पैसे देऊ नका. तबलीचा जवळून फोटो काढा, आतल्या ठोकळ्याचा क्रमांकही पावतीवर लिहून घ्या, पूर्ण पैसे देऊन तेच वाद्य त्याच वेळी सोबत न्या. तो नको म्हणाला तर फोटो घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. आमच्या तक्रारी तिथे जोडल्या जातील.