पिकअप खाली बसवून देतो म्हणाला, ७६,७०० घेतले आणि पाटे जाळून दिले

नाशिकमध्ये कुणी जुनी पिकअप घरी उभी करून नीट करत असेल आणि मागची बाजू खाली उतरवायचं मनात असेल, तर बाहेरच्या मिस्त्रीला रुपया देण्याआधी हे वाचा. ७६,७०० रुपये गेले. एकरकमी मागितले असते तर कुणीही चारदा विचार केला असता, म्हणून तुकड्यातुकड्याने काढले: माल बुक करायला ५,०००, पाटे (मागची बाजू तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उतरवून हौसिंग (मागच्या चाकांमधली अ‍ॅक्सलची नळी) फ्लिप करायला, म्हणजे पाटे तिच्या वरून खाली घ्यायला १८,५००, यू-बोल्ट (पाटे नळीला आवळणारे), ब्लॉक (मधले ठोकळे) आणि आखूड शॉकअपचे १४,२००, चासीचा (खालच्या सांगाड्याचा) पॅच आणि सी-नॉचचे, म्हणजे नळीला जागा करायला चासीत घेतलेल्या अर्धगोल कापाचे २७,००० आणि शेवटी "आरटीओच्या कागदाचे" १२,०००. ही तुकड्यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी उघडी पडलेली असते, हौसिंग त्याच्या शेडमध्ये असतं, तेव्हा पुढचा तुकडा नाकारणं कुणाला जमतं ते सांगा.

नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. सातपूर-अंबडच्या बाजूला पत्र्याची शेड, बाहेर दोन-तीन खाली बसवलेल्या गाड्या दिसतील अशा उभ्या केलेल्या. त्या त्याने केलेल्या नव्हत्या, हे नंतर कळलं.

काम बाहेर का दिलं, असं विचारणाऱ्यांसाठी: केबिन, फ्लोअर, दरवाजांच्या खालच्या कडा हे सगळं घरीच केलंय. गंज ग्राइंडरने उघड्या पत्र्यापर्यंत काढला, कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, वर इपॉक्सी प्रायमर, पुट्टी कुठेही तीन मिलीमीटरच्या वर नाही. पण हौसिंगच्या नळीवर पाट्याची गादी (पाटा टेकतो ती बैठक) वेल्ड करणं हे घरच्या मशीनचं काम नाही. कोन एका बाजूला दोन अंशांनी चुकला तरी शाफ्टचे जॉइंट थरथरतात आणि काही महिन्यांत वाजायला लागतात. एकाच जागी वेल्ड चालवत राहिलं तर नळी वाकते आणि बेअरिंग जातं. म्हणून हे काम जाणत्याकडे देणंच बरोबर होतं, आणि आजही तेच मत आहे.

आता फसवणूक नेमकी कशात होती ते. या गाडीत मागचे पाटे हौसिंगच्या वर बसतात. फ्लिप करायचं म्हणजे नळीवर नवी गादी खालून वेल्ड करायची, पाट्यांचा गठ्ठा नळीच्या खाली घ्यायचा आणि यू-बोल्ट वरून टाकायचे. नळीची जाडी अधिक गठ्ठ्याची जाडी, एवढी गाडी खाली येते, ढोबळ पाच इंच. नळी चासीच्या पोटाला लागायला नको म्हणून तिथे अर्धगोल कापून वरून जाड पट्टी वेल्ड करतात, तो सी-नॉच. ब्लॉकचा उपयोग फ्लिप झाल्यानंतरच. पाटे वर असताना नळी आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक घातला तर गाडी उतरत नाही, उलट उचलली जाते. "तुमच्या गाडीला दोन इंची ब्लॉकने खाली करतो" असं कुणी म्हणालं तर आधी वाकून पाटे वर आहेत की खाली ते बघा. वर असतील तर तिथून निघा.

फ्लिपचं काम झालं म्हणून त्याने मोबाईलवर फोटो पाठवला, आणि फसवणूक याच जागी दिसायला हवी होती. गाडी छान बसलेली, मडगार्डची कड टायरला भिडल्यासारखी. सगळ्यांची नजर तिथेच जाते आणि तो हे जाणून होता. त्याच फोटोत, चाकाच्या आतल्या बाजूला, यू-बोल्टची प्लेट नळीच्या खाली होती आणि पाट्यांचा गठ्ठा नळीच्या वर. कंपनीतून आला तसाच. फ्लिप झालेलं नव्हतं, आणि पुरावा त्याने स्वतःच पाठवला होता. त्यानंतर २७,००० आणि १२,००० गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम या फोटोनंतरची. संताप होतो तो यामुळे. फोटो संध्याकाळचा होता, चाक लावलेलं होतं, सगळ्यावर ताजा काळा रंग मारलेला होता, आणि हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं माप सांगितल्याप्रमाणे साडेचार इंचांनी कमी भरत होतं. माप बरोबर आल्यावर शंका कोण घेणार?

माप बरोबर होतं कारण त्याने पाटे गॅसच्या टॉर्चने लाल करून बसवले होते. स्प्रिंग स्टीलचा ताण टिकतो तो उष्णतेच्या प्रक्रियेने: साधारण ८७० ते ९०० अंशांना तापवून तेलात बुडवायचं आणि मग ४५० ते ५०० अंशांना पुन्हा मुरवायचं. टॉर्चने लाल करून हवेत सोडलं की तेवढा भाग मऊ होतो. वर पाणी ओतलं असेल तर उलट काचेसारखा ठिसूळ होतो. पाट्याची कमान कमी करायचा खरा मार्ग म्हणजे गठ्ठा सोडवून एकेक पाटा प्रेसवर थंडच, थोडा थोडा दाबत नेणं. द्वारका, आडगाव नाक्याकडे ट्रकचे पाटे करणाऱ्यांना हे रोजचं काम आहे.

शेडमधून गाडी घरी आणताना, रिकामी, पाथर्डी फाट्याजवळच्या स्पीडब्रेकरवर डावा मेन पाटा सेंटर बोल्टच्या शेजारी तुटला. गठ्ठा उघडला तेव्हा काळ्या रंगाखाली निळसर-जांभळे पट्टे, खवले सुटलेले. तपासायचं असेल तर कानस घ्या आणि एकाच पाट्यावर दोन ठिकाणी मारा. टोकाला नेट लावावा लागेल. मध्ये सहज खात असेल किंवा अगदीच घसरत असेल, तर पाटा जाळलेला आहे. रंग मारलेला जुना पाटा घेऊच नका. तेल लावलेला, उघडा पाटा मागा.

बाकीचं पटापट सांगतो. ब्लॉक गाडीत नव्हतेच. यू-बोल्ट साध्या सळईला आटे पाडलेले, ग्रेडचा कसलाच शिक्का नाही. (यू-बोल्ट एकदा सोडला की नवाच टाकायचा, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायचा.) शॉकअप कंपनीच्याच मापाचे, रंगवलेले. गाडी खाली आल्यावर ते पूर्ण दाबले जाऊन तळाला ठोकत होते.

आणि २७,००० चा सी-नॉच. चासी कापलेलीच नव्हती. एक मिलीमीटरच्या पत्र्याचा अर्धचंद्र कापून बाहेरून चार टाके मारलेले, कडा पुट्टीने भरलेल्या, वरून अंडरकोट. गंजलेल्या जागेचा पॅचही तसाच, गंजावरच. छोट्या हातोडीने चासीवर ठोकत जा. चांगली चासी टणटणते, पुट्टी थप्प वाजते. नाहीतर चुंबक फिरवा, लगेच कळेल. अंडरकोट लावून दिलेलं काम तर कधीच ताब्यात घेऊ नका. आधी उघडं बघायचं, मग रंग.

ज्यांच्या गाडीला मागच्या ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह आहे, त्यांनी तोही बघा. गाडी खाली आली की त्याला माल भरलाय असं वाटतं, मागचे ब्रेक जास्त लागतात आणि पावसात रिकामी गाडी आडवी होते.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग दिवाणी आहे." काम केलंच नाही, केल्याचा फोटो दाखवला आणि त्यावर पुढचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये हे बसतं, (४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सांगितलं. साधा अर्ज घेतला आणि पोच दिली. अशा दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की ती नोंदवून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(१) म्हणतं. तेही सांगितलं. "साहेब बंदोबस्तावर आहेत." बँकेने हात वर केले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात म्हणे. खातं वेगळ्याच बाईच्या नावावर निघालं, ते नाव पैसे पाठवताना पडद्यावर दिसतं. ते वाचा! नाव जुळलं नाही तर व्यवहार तिथेच थांबवा.

आरटीओत तर फसवलेल्यालाच आरोपी केलं. १२,००० चा कागद दाखवला, तर अशी नोंद होतच नाही म्हणाले, आणि वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं: नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, दंड बदलामागे ५,०००, कैदही होऊ शकते. कायदा बरोबर आहे, आणि म्हणूनच "आरसीवर चढवून देतो" म्हणणारा माणूस चोर आहे हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. पण मग त्यांचं नाव सांगून कागद विकणाऱ्याची साधी चौकशी का नाही? गाडीत बदल झालेलाच नाही, फसवणूक तीच आहे, हे समजून घ्यायला एकाही टेबलाला वेळ नव्हता. या टेबलावरून त्या टेबलावर, आणि प्रत्येक ठिकाणी आवाज असा, जणू आपणच काही लपवतोय.

पावती म्हणून "एस्टिमेट" लिहिलेला चिठोरा मिळतो. जीएसटी क्रमांक मागा. १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो.

अर्ज पडून राहिला तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाला, टपालाने लेखी पाठवा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) मध्ये आहे. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. संदेश आणि फोटो पुरावा म्हणून द्यायचे असतील तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मोबाईल बदलू नका, चॅट पुसू नका. तुटलेला पाटा आणि तो अर्धचंद्र भंगारात घालू नका. भंगारवाला किलोवर पैसे देईल, आयोगापुढे मात्र तेच दोन तुकडे बोलतात.