गरोदरपणात दुखतंय, कोणती गोळी घ्यावी? पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन

गरोदर बाईला कंबरदुखी, डोकेदुखी, दाढदुखी, ताप यांतलं काही ना काही होतंच. तेव्हा एकजण सांगतं, ‘अजिबात काही घेऊ नकोस’ आणि दुसरं म्हणतं, ‘एका गोळीनं काय होतंय?’ या दोन्ही सल्ल्यांवर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गोळी कोणती, कितवा आठवडा चालू आहे आणि डोस किती, हे तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आधी या गोळ्या काम कसं करतात ते बघू. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं (आयब्युप्रोफेन त्यांतलंच) शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. 1982 च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. प्रोस्टाग्लँडिनमुळे दुखतं, सूज येते, ताप चढतो. पण पोटातल्या बाळाची मूत्रपिंडं नीट चालायला आणि त्याच्या हृदयालगतची एक रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहायलाही तेच लागतं. म्हणून आईची कंबर शांत करणारं औषध बाळाच्या कामात अडथळा आणू शकतं.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन

एरवी सूज आणि स्नायूदुखीवर या गोळ्या पॅरासिटामॉलपेक्षा बऱ्याचदा सरस ठरतात, म्हणूनच मोह होतो. गरोदरपणात मात्र विसावा आठवडा ही सीमारेषा धरावी. त्या सुमारास गर्भजलाचा मोठा भाग बाळाच्या लघवीचाच असतो. औषधानं बाळाच्या मूत्रपिंडांचं काम मंदावलं की लघवी कमी होते आणि सोनोग्राफीत पाणी कमी दिसू लागतं. हे बहुधा काही दिवस ते काही आठवडे गोळ्या घेतल्यावर घडतं, क्वचित दोन दिवसांतही. गोळी थांबवली की बहुतेक वेळा पाणी पुन्हा वाढतं. तिसाव्या आठवड्यानंतर हृदयालगतची ती रक्तवाहिनी वेळेआधीच बंद होण्याची भीती वाढते, आणि हा इशारा जुनाच आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सावधगिरीची रेषा तिसाव्यावरून विसाव्या आठवड्यावर आणली, ती मूत्रपिंडांच्या या परिणामामुळे.

विसाव्या आठवड्याआधी काय? गर्भपाताशी संबंध आहे का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी दुसरा पर्याय हाताशी असताना ही गोळी मनानं घेऊ नये. याच गटातलं इंडोमेथासिन डॉक्टर कधीकधी अकाली कळा थोपवण्यासाठी थोडा काळ मुद्दाम देतात, पण ते रुग्णालयात, बाळावर लक्ष ठेवून.

घरातल्या गोळ्यांच्या पट्टीमागची बारीक अक्षरं जरूर वाचा. काही गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं, आणि पुढचं नाव बघून ते कळत नाही. चोळायच्या जेलमध्येही तेच औषध असू शकतं. तेही विचारूनच वापरावं.

पॅरासिटामॉल

दुखणं आणि ताप यांसाठी पहिली गोळी हीच. सूज कमी करण्याची ताकद तिच्यात फारशी नाही, पण बाळाच्या मूत्रपिंडांबाबतची वरची अडचणही तिच्यात तशी दिसत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत चढलेला मोठा ताप अंगावर काढणंही बाळाला घातक ठरू शकतं, हे विसरू नये.

तिच्याबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत. औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं, हे खरं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत संप्रेरकांवर परिणाम दिसले, आणि 2021 मध्ये काही शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन जपून वापरण्याचं आवाहन केलं. पण उंदराला दिलेला डोस आणि दोन दिवस डोकं दुखलं म्हणून घेतलेली गोळी यांची थेट तुलना होत नाही. माणसांतल्या अभ्यासांतही अडचण असते: गोळी घेणाऱ्या आईला ताप, जंतुसंसर्ग किंवा अर्धशिशी असते, मग परिणाम कशाचा मानायचा? 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 25 लाख मुलांच्या स्वीडिश अभ्यासानं यावर चांगली वाट काढली. सरसकट तुलनेत ऑटिझमचा किंचित संबंध दिसला. एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केल्यावर तो उरला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकी सरकारनं ऑटिझमचाच इशारा दिला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपची औषध संस्था यांनी तसा ठाम पुरावा नसल्याचं सांगितलं. मला ही भावंडांची तुलना जास्त वजनदार वाटते.

तरी गरजेपुरतीच, कमीत कमी डोसमध्ये आणि कमी दिवस घ्यावी. चोवीस तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून कमी. सर्दीच्या औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरावं.

कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन

हिला या तुलनेत घेतलं ते गैरसमजापोटी अनेकजणी ती सोडून देतात म्हणून. 75 ते 150 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन वेदनेसाठी नसतेच. एवढ्या डोसमध्ये ती मुख्यतः रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सची एकमेकांना चिकटण्याची वृत्ती कमी करते, आणि प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा गंभीर आजार, टाळायला दिली जाते. 1994 च्या ‘क्लास्प’ चाचणीत 9,364 स्त्रियांना 60 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली, आणि ठोस फायदा दिसला नाही. 2017 च्या ‘अ‍ॅस्प्रे’ चाचणीत जोखीम आधी तपासून 11 ते 14 आठवड्यांदरम्यान रोज रात्री 150 मिलिग्रॅम सुरू केली. 37 आठवड्यांआधीचा प्री-एक्लॅम्प्सिया 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला. आधीच्या खेपेला हा आजार झालेला असणं, जुना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, जुळं, यांपैकी काही असेल तर बारा आठवड्यांच्या सुमारास डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. दिलेली असेल तर वरचा आयब्युप्रोफेनचा इशारा वाचून ती बंद करू नये. वेदनेसाठीच्या मोठ्या डोसची अ‍ॅस्पिरिन मात्र त्याच इशाऱ्यात मोडते.

आणि एका दुखण्यावर यांतली कुठलीच गोळी घेऊन वाट बघत बसू नये. विसाव्या आठवड्यानंतर डोकं जोरात दुखतंय, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधारी येतेय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, चेहरा-हात अचानक सुजलेत, तर आधी रक्तदाब मोजायचा आणि लघवी तपासायची, तेही त्याच दिवशी. पॅरासिटामॉलनं तासभर बरं वाटलं, तरी ही तपासणी टाळू नये.