हवेवर फिरवून दाखवलेलं इंजिन

पाच इंची गेजचं, हाताने घडवलेलं वाफेचं इंजिन कुणी तुम्हाला कॉम्प्रेसरच्या हवेवर फिरवून दाखवत असेल, तर खिशात हात घालू नका. माझे सव्वातीन लाख त्यात गेले आहेत.

गोव्यात फोंड्याजवळ आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-मसाल्याची बाग आहे. मसाल्याच्या बागा बघायला पर्यटक येतात, जायफळ-दालचिनी हुंगतात, केळीच्या पानावर जेवून जातात. त्यांच्या पोरांसाठी पोफळींच्या ओळींमधून छोटी रेल्वे फिरवायचा बेत होता. पाच इंच म्हणजे दोन रुळांत जेमतेम १२७ मिलिमीटर अंतर, पण असलं इंजिन मागच्या गाड्यांवर बसलेली चार-पाच मोठी माणसं सहज ओढतं. आत खरा कोळसा पेटतो, पाणी उकळतं आणि चौरस इंचाला ८० पौंडांच्या आसपास दाबाची वाफ पिस्टन ढकलते. कुळ्याहून दूधसागरचा घाट चढणाऱ्या मीटरगेजच्या गाड्या लहानपणी पाहिलेल्या, त्यामुळे ओढ होतीच.

विकणारा बार्देशातल्या एका भाड्याच्या बंगल्यात भेटला. कुणी एक इंग्रज साहेब, निवृत्त इंजिनियर, वीस वर्षं खपून हे इंजिन घडवलं. साहेब वारले, बाई मायदेशी निघाल्या, आता घर रिकामं करायचंय. हा म्हणे त्यांचा केअरटेकर. तोंडात सारखं ‘पात्रांव’ (मालक) आणि दर शंकेला एकच उत्तर, ‘भिवपाची गरज ना,’ घाबरायची गरज नाही.

इंजिन मात्र देखणं. कनेक्टिंग रॉड आरशासारखे चकाकत होते, चाकांवर बारीक लाल रेघ, बॉयलरवर पितळी पट्ट्यांनी आवळलेला हिरवा पत्रा. लाकडी ठोकळ्यांवर चढवून चाकं अधांतरी ठेवली होती. पंक्चरवाल्याकडे असतो तसला कॉम्प्रेसर सुरू केला आणि चाकं अशी काही फिरली, फसफस असा आवाज आला की पोरांनी टाळ्या पिटल्या. वाफेवर दाखवा म्हटलं, तर म्हणे, गोव्यात कोळसा कुठे मिळतो? मुरगाव बंदरात जहाजं भरभरून कोळसा उतरतो, त्याची काळी धूळ वास्कोकर घरात झाडतात, आणि या माणसाला टोपलीभर मिळत नव्हता!

हवेच्या खेळातली मेख आता सांगतो. चाकं मोकळी असली, ओढायला काही नसलं, की १५-२० पौंड हवेवरही चांगलं जुळवलेलं इंजिन गरगर फिरतं. त्यातून सिलिंडर, व्हॉल्व्ह, चाकं ठीक आहेत एवढंच कळतं. शिवाय याने हवेची नळी धुराड्याखालच्या स्मोकबॉक्समध्ये, थेट सिलिंडरकडे जाणाऱ्या पाइपला जोडली होती. बॉयलर त्या वाटेत नव्हताच. आणि असल्या इंजिनात पैसा आणि धोका दोन्ही बॉयलरमध्ये असतात.

बॉयलरचं सर्टिफिकेटही दाखवलं, एका ब्रिटिश क्लबचं, झेरॉक्स. नव्या बॉयलरची गार पाण्याने, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर चाचणी घेतात, तसं त्यावर व्यवस्थित लिहिलेलं. टोकन यूपीआयने घेतलं, बाकी रोख. बाईंचं इथलं खातं बंद होतंय, हे कारण.

इंजिन घरी आल्यावर डिचोलीच्या खाणीवर वर्कशॉपात उमर काढलेल्या मेस्तांना, म्हणजे मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी सर्टिफिकेटवरचा नंबर बॉयलरवर शोधला. तो धातूवर ठोकलेला असायला हवा, कुठेच नव्हता. मग पत्रा उतरवला, बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरला आणि पोफळींना बोर्डो औषध मारायचा पायपंप धुऊन जोडला. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी नुसती धार लागते. (हीच चाचणी कुणी कॉम्प्रेसरच्या हवेने करायला निघाला तर तिथून पळा. हवेने बॉयलर बॉम्बसारखा फुटतो.) काटा ३५ पौंडांवर पोचायच्या आत फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या कडेने पाणी झिरपू लागलं. काळा रंग खरवडून मेस्तांनी सांध्यावर चाकूचं टोक ओढलं, तर करड्या धातूची वळलेली साल सुटून आली.

चांगला बॉयलर तांब्याचा असतो आणि त्याचे सांधे चांदीच्या डाखाचे, जो वितळायला सहाशे अंशांच्या वर तापवावं लागतं. त्यावर चाकू नुसता घसरतो. इथे शिसं-कथलाचा डाख होता, नळ दुरुस्तीवाला वापरतो तो. हा १८३ अंशांना वितळू लागतो, आणि ८० पौंडांची वाफच १६२ अंशांची असते. त्यात खाली आग. चालवणारा फायरबॉक्सपासून हातभर अंतरावर बसतो, त्याच्या मागे पोरं. ‘याला काडी लावली असती तर,’ मेस्त म्हणाले आणि पुढे बोललेच नाहीत.

२५ लिटरहून कमी पाणी मावणारा बॉयलर आपल्याकडे बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. या इंजिनात काही लिटरच मावतं, म्हणजे सरकारी निरीक्षक बघायला येणार नाही. जे बघायचं ते पैसे देण्याआधी आपणच: पत्रा उतरवून बॉयलर, त्यावर ठोकलेला नंबर, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, पाणी भरायच्या दोन वेगळ्या सोयी, आणि डोळ्यांसमोर गार पाण्याची चाचणी. विकणारा यातल्या कशालाही आढेवेढे घेऊ लागला की उठायचं.

विकणाऱ्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. बंगला महिन्याच्या भाड्याचा, मालकाला ना साहेब ठाऊक, ना बाई. पोलिस ठाण्यावर आधी ‘वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला’ असं ऐकवलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. खोट्या सर्टिफिकेटच्या जोरावर पैसे उकळले असं लेखी मांडून झेरॉक्स जोडल्यावर अर्ज घेतला. यूपीआयने पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. रोख गेली ती गेली.

खालचा सांगाडा मेस्तांच्या मते उत्तम आहे, नव्या तांब्याच्या बॉयलरसाठी विचारणा चालू आहे. पण याच इंजिनाचे विक्रीचे फोटो आता बेळगावच्या पत्त्यावर, दुसऱ्या नावाने फिरताहेत. ओळखायची खूण: हिरवा पत्रा, धक्का झेलणाऱ्या उजव्या बफरच्या वर रंगाचा पोपडा उडालेला, आणि एकाही फोटोत वाफ नाही. दिसले तर विक्रेत्याशी हुज्जत घालू नका, स्क्रीनशॉट काढून आधी पोलिसांत द्या.