वंशावळीच्या साइटचं वर्षभराचं सदस्यत्व: बेने इस्राएल घराण्यांनी पैसे भरण्याआधी वाचावं

पुढच्या वर्षाची वर्गणी न विचारता कार्डावरून कापली आणि परत द्यायला नकार दिला, म्हणून लिहितेय. साइटवर आपण घराण्याचं झाड भरायचं, मग ती नावं जुळवून नातलग सुचवते. मी आडनावावरच बोलणार, कारण आपलं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, सगळं तिथेच अडतं.

आम्ही पेणकर. रोहेकर, किहीमकर, दिवेकर तसेच गावावरून पडलेले. पण मुंबईला, पलटणीत, रेल्वेत गेलेल्या कित्येकांनी गाव सोडून बापाचंच नाव आडनाव म्हणून लावलं. आमच्याकडे एक भाऊ पेणकर, दुसरा सॅम्युएल, तिसऱ्याची मुलं सॉलोमन. साइट त्यांना एका घरातले मानतच नाही. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी. इतक्या नामवंत माणसाची ही गत, तर आमचे पणजोबा कसे सापडणार? यहुदी नावं उच्चारावरून जुळवायची डेच-मोकोटॉफ पद्धत १९८५ ची, तीही पूर्व युरोपातल्या नावांसाठी बेतलेली. मला महिनोन्महिने पोलंड-लिथुआनियाचेच सॅम्युएल दाखवले गेले.

आजोबांचा जन्म १९३१ चा, कराचीचा. गाव लिहिलं की पुढे ‘पाकिस्तान’ आपोआप येतं, खोडता येत नाही. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणून तर आपली माणसं नोकरीला तिकडे गेली! तक्रारीला तेच ते छापील उत्तर.

दिवाळीच्या सुमारास मात्र मत बदललं. पर्यायी नावांच्या रकान्यात सामाजी, सॅम्युएल, पेणकर, सगळं देवनागरीत आणि रोमनमध्येही भरलं होतं. त्यावरून इस्राएलमधल्या बीरशेबाच्या एका लांबच्या आत्यांचा निरोप आला, चक्क मराठीत. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, आदेशामुळे आपल्या लोकांच्या लग्नांआधी ते यहुदीच आहेत ना हे पाहायला आईकडच्या पिढ्यांची चौकशी होऊ लागली, तेव्हा आत्यांच्या आईने माहेरच्या बायकांची नावं आठवून आठवून लिहून काढली. १९६४ मध्ये आंदोलनानंतर ती अडवणूक मिटली, पण कागद राहिला. पणजीचं माहेर नागावचं, हे मला त्यातून कळलं. मी किती आनंदले, सांगता येत नाही.

तरी वर्गणीचे पैसे वाया गेले असंच म्हणेन. पर्यायी नावं आणि निरोप फुकट सदस्यत्वातही चालतात. तेवढंच घ्या, कार्डाचा नंबर देऊ नका. झाड जेडकॉम (वंशावळी साठवायच्या ठरावीक नमुन्याच्या) फाइलमध्ये उतरवून ठेवा आणि ती उघडून देवनागरी नावं शाबूत आहेत ना, ते आधी तपासा.