देवपूरचं सलून, जिथे कंगवा खरंच धुतला जातो

धुळ्यात सलूनचा काही तोटा नाही, देवपूरमध्येच एका रस्त्यावर चार सापडतील, पण मी आता या दुकानाशिवाय कुठेच बसत नाही आणि पोरालाही इथेच आणतो. कटिंग चांगली होते, फेड (बाजूचे केस खालून वर हळूहळू दाट होत जाणारी कटिंग) पण व्यवस्थित जमतो, रेटही बाकीच्यांसारखेच आहेत. मला लिहायचंय ते सफाईबद्दल, कारण लोक एसी, सोफा आणि मोठा आरसा बघून "एकदम क्लीन" असं लिहून मोकळे होतात आणि हातातला कंगवा आधी कोणाच्या डोक्यातून फिरून आला हे कोणी बघतच नाही.

नवीन ब्लेड आता बहुतेक सगळेच लावतात, गिऱ्हाइकासमोर पाकीट फाडतात, अर्धी ब्लेड तोडून वस्तऱ्यात सरकवतात, आणि आपलं समाधान होतं. पण ब्लेड नवीन असली तरी तो वस्तरा तोच ना, त्याच्या खाचेत आधीच्या माणसाचा फेस, बारीक केस, कधी रक्तसुद्धा अडकलेलं असतं. हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार) चा व्हायरस शरीराबाहेर कमीत कमी ७ दिवस जिवंत राहतो आणि त्याला दिसण्याइतकं रक्तही लागत नाही, त्यामुळे वस्तरा नुसता नॅपकिनला पुसला की झालं असं नसतं. इथे ब्लेड काढली की ती झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात जाते, केराच्या टोपलीत नाही (कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा विचार केलेला दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला), आणि वस्तरा उघडून ब्रशने घासला जातो, साबणाच्या पाण्याने धुतला जातो, मग औषधाच्या बरणीत.

ही बरणी म्हणजे ते निळं पाणी. अमेरिकेतल्या सलूनमध्ये बार्बिसाईड नावाचं असं निळं औषध १९४७ पासून आहे, आपल्याकडे मोठ्या शहरातल्या महागड्या दुकानांत दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी बरणी फक्त शोभेला असते, कंगवा बुडवला, झटकला, लगेच डोक्यात. असल्या औषधात वस्तू पूर्ण बुडून साधारण १० मिनिटं राहिली पाहिजे, आणि त्याआधी केस आणि तेल निघालं पाहिजे, नाहीतर औषध आतपर्यंत पोहोचतच नाही. इथे मालक भाऊंनी प्रत्येक खुर्चीला कातरी, कंगवा, वस्तऱ्याचे दोन-दोन सेट ठेवलेत, एक हातात आणि एक बरणीत. माझ्या मते सगळी गोष्ट या दुसऱ्या सेटमध्येच आहे. एकच कंगवा असेल तर कारागीर कितीही चांगला असला तरी गर्दीत तो १० मिनिटं थांबणार कसा? पाणी रोज सकाळी बदलतात, आणि दिवसा गढूळ दिसलं तर पुन्हा.

खरं काय ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी कळलं. बाहेर पायरीपर्यंत लोक बसलेले, लाईट मध्येच गेलेली, घामाने सगळे वैतागलेले, आणि माझ्यापुढचा एक माणूस घाई करायला लागला. भाऊ शांतपणे म्हणाले, "दम धरा नाना, कंगवा आजून पाणीमाच शे" (अजून पाण्यातच आहे). नाना थांबले. दुसरा कोणी असता तर गिऱ्हाईक जाईल या भीतीने तसाच उचलला असता.

केस कापायची मशीन बुडवता येत नाही हे खरं, पण म्हणून सोडून द्यायची नसते. इथे बंद करून तिचं पातं उघडतात, ब्रशने केस झाडतात, ७० टक्के अल्कोहोलचा स्प्रे मारतात आणि तो आपोआप वाळू देतात. लगेच पुसला तर उपयोग नाही, आणि ९० टक्क्यांपेक्षा जास्त स्ट्राँग आणलं तर चांगलं असंही नाही, त्यातलं पाणीच जंतू मारायला मदत करतं. उन्हाळ्यात आपल्याकडे गजकर्ण किती पसरतं हे सगळ्यांना माहीत आहे, मानेवर आणि दाढीत उठणारे चट्टे मशीन आणि टॉवेलवरूनही येऊ शकतात. टॉवेल इथे प्रत्येकाला धुतलेला मिळतो. नळाला दिवसाआड पाणी येत असताना हे सांभाळणं सोपं नाही, त्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

मी आधी जिथे जायचो तिथे निळ्या लाईटची यूव्ही पेटी होती, सगळी हत्यारं एकावर एक रचलेली, केसांसकट. तो लाईट फक्त जिथे पडतो तिथेच काम करतो, खालच्या बाजूला आणि केसांच्या आड काहीच नाही. अशा पेटीत धुतलेली वस्तू ठेवायला हरकत नाही, पण न धुतलेली त्यात टाकून ती स्वच्छ होत नाही. पेटी बघून फसू नका, सिंक कुठे आहे ते बघा.

दोन गोष्टी मात्र भाऊंनी बदलाव्यात. एक म्हणजे तुरटी. अजून तोच खडा सगळ्यांच्या गालावर फिरतो, आणि दाढीनंतर नेमकी जिथे कापलंय तिथेच तो लागतो, मग वस्तरा एवढा धुवून उपयोग काय? तुरटीची पूड करून कापसावर घेतली तर खर्च जवळपास शून्य. दुसरं, मान झाडायचा मऊ ब्रश, तो दिवसभर एकच असतो, तोही दोन-तीन ठेवून आलटून पालटून धुवावा. मी तोंडावर बोललोय, तुरटीचं त्यांनी मान्य केलं.

आणि एक विनंती, दुकानात काम करणाऱ्या दोन्ही पोरांना हिपॅटायटिस बी ची लस देऊन टाका भाऊ. तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. ब्लेड रोज त्यांच्याच हातात असते, कापतंही त्यांनाच.

रविवारी सकाळी फार गर्दी असते, मधल्या वारी दुपारी गेलात तर लगेच नंबर लागतो.