आयसीडी-११ चं मोफत कोडिंग टूल: क्लासची फी भरण्याआधी हे वापरून बघा

इंदूरमध्ये बीएएमएस, बीएचएमएस, बीपीटी किंवा बी.फार्म झालेली मुलं हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सच्या मास्टर्सचा विचार करू लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी भंवरकुआंच्या बाजूला एखादा मेडिकल कोडिंगचा (आजार-उपचारांना ठरलेले कोड देण्याचा) क्लास लावून टाक. सल्ला वाईट नाही, फक्त त्याचा पत्ता वेगळा आहे. हे क्लास बहुतेक आयसीडी-१०-सीएम (आजारांच्या कोडची अमेरिकन आवृत्ती) आणि सीपीटी (तिथले उपचारांचे कोड) शिकवतात, म्हणजे अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं. शेवटी सीपीसीची (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) परीक्षा: १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. बिलिंग कंपनीत नोकरी हवी असेल तर जरूर द्यावी. पण ज्याला हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट किंवा इन्फॉर्मॅटिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे, त्याला वर्गीकरण मुळात कसं चालतं ते कळायला हवं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीसोबत जी साधनं मोफत ठेवली आहेत, ती क्लासच्या झेरॉक्स नोट्सपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची आहेत. त्यांच्यातही खोडी आहेत, त्या पुढे येतीलच.

फरक एका उदाहरणात दिसतो. टाइप टू मधुमेह आणि त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम. आपल्याकडच्या रेकॉर्ड रूममध्ये चालणाऱ्या संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये यासाठी दोन कोड लागतात: मूळ आजारासाठी खंजिराच्या खुणेचा ई११.३ आणि त्याच्या परिणामासाठी तारांकित एच३६.०. अमेरिकन सीएममध्ये एकच लांबलचक ई११.३१९ लिहून काम भागतं. क्लासमधून आलेली मुलगी इंटर्नशिपला एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) बसली की सहा अक्षरी कोड लिहिते, आणि तिथलं रजिस्टर चार अक्षरांच्या पुढे घेतच नाही. चूक तिची नसते, तिने दुसऱ्याच देशाचं पुस्तक पाठ केलेलं असतं. (कोडमधली अक्षरं पडद्यावर रोमन दिसतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

संचात मुख्य चीजा चार: कोडिंग टूल, ब्राउझर, एपीआय (आपल्या प्रोग्रॅममधून वर्गीकरणाला विचारणा करण्याची सोय) आणि मृत्यूच्या कारणांसाठीचं डोरिस. लॉगिन फक्त एपीआयला लागतं.

कोडिंग टूल म्हणजे शोधपेटी. शब्द अर्धवट टाकले तरी चालतं, टूल पुढचे शब्द सुचवतं, मधल्या भागात जुळणारे आजार येतात आणि कोणत्या प्रकरणात किती सापडले तेही दिसतं. वेग उत्तम आहे, आणि नवशिक्याचा घात नेमका या वेगाने होतो. पहिली ओळ दिसली की तीच उचलायची सवय लागते. डेंग्यूचंच बघा. १डी२० म्हणजे धोक्याची लक्षणं नसलेला, १डी२१ लक्षणं असलेला, १डी२२ गंभीर, आणि १डी२झेड म्हणजे प्रकार लिहिलेलाच नाही. इंदुरात पावसाळ्यानंतर येणाऱ्या फाइलवर निदान असतं ‘डेंग्यू फीवर, एनएस१ पॉझिटिव्ह’, आणि आत नर्सिंग नोट्समध्ये सतत उलट्या, पोटात दुखणं, प्लेटलेट्स घसरत चाललेल्या. सतत उलट्या आणि पोटदुखी ही धोक्याची लक्षणं आहेत हे कोडरला माहीत असतं. म्हणून त्याने आपल्या मनाने १डी२१ लिहायचा का? नाही. निदान करणं डॉक्टरचं काम, कोडरने लेखी विचारणा पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत १डी२झेड ठेवायचा. टूल हे सांगत नाही. ते विचारलेल्या शब्दाला कोड देतं, शब्द बरोबर आहे का हे तपासत नाही. मास्टर्सच्या वर्गात ‘डेटा क्वालिटी’ नावाने सबंध सेमिस्टर जो विषय चालतो, त्याचा पाया या एका फाइलमध्ये आहे.

म्हणून आमची शिफारस अशी की सुरुवात कोडिंग टूलने करू नका, ब्राउझरने करा. तिथे आजार झाडासारखा उघडतो आणि प्रत्येक नोंदीखाली व्याख्या, वगळलेल्या गोष्टी, ‘दुसरीकडे कोड केलेलं’ आणि कोडिंगची टीप वाचता येते. राखाडी रंगातल्या नोंदी पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळात टाकतात. त्या त्या जागी फक्त सोयीसाठी दाखवलेल्या असतात, त्यांचं खरं घर दुसऱ्या प्रकरणात असतं. नोंद उघडली की मूळ जागा कळते. हे नीट समजलं की ‘फाउंडेशन’ (सगळ्या नोंदींचा मूळ साठा) आणि मृत्यू-आजारांच्या आकडेवारीसाठी त्यातून काढलेली यादी यांतला फरक आपोआप डोक्यात बसतो. मुलाखतीत याच प्रश्नावर बरेच जण गडबडतात.

कोडची रचना मात्र खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. आय आणि ओ ही अक्षरं काढून टाकली, कारण हाताने लिहिताना ती १ आणि ० सारखी दिसतात. आयसीडी-१० मध्ये सगळा रक्तदाब-हृदयविकार आय मध्ये आणि बाळंतपणं ओ मध्ये होती, त्यामुळे रजिस्टरवरून एक्सेलमध्ये उतरवताना आय१० चा ११० होणं ही रोजची कटकट. नव्या कोडमध्ये दुसरी जागा नेहमी अक्षराची आहे, त्यामुळे जुना कोड कोणता आणि नवा कोणता हे नुसत्या नजरेने कळतं. शेवटचा वाय म्हणजे ‘इतर नमूद’, झेड म्हणजे ‘नमूद नाही’. महिन्याच्या यादीत झेड फार दिसायला लागले तर कोडरला बोलावण्याआधी डिस्चार्ज कार्डं काढून बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

खरी मजा कोड जोडण्यात आहे. घरात घसरून डाव्या मांडीचं हाड मोडलं, तर एनसी७२ च्या गटातला नेमका कोड, त्याला & लावून डावी बाजू एक्सके८जी, आणि तिरकी रेघ देऊन पीए६०, म्हणजे त्याच पातळीवर किंवा एक मीटरहून कमी उंचीवरून पडणं. & च्या पुढे येतो तो विस्तार-कोड, तो एकटा कधीच उभा राहत नाही. तिरक्या रेघेपुढे येतो तो स्वतंत्र कोड. मुलं ही दोन चिन्हं अदलाबदल करतात आणि मग सॉफ्टवेअर ती ओळ नाकारतं. टूलमधल्या जोडणीच्या खिडकीतून कोड तयार करून कॉपी केला तर चूक होत नाही. हाताने टाइप करू नका.

याच जोडणीमुळे प्रश्नचिन्हही जपलं जातं. आपल्या डॉक्टरांच्या लिखाणात ‘?एन्टेरिक फीवर’ (म्हणजे टायफॉइडचा संशय) सगळीकडे. आयसीडी-१० च्या नियमाप्रमाणे डिस्चार्जपर्यंत काही पक्कं झालं नाही तर संशयित आजार झालाच आहे असं धरून ए०१.० द्यावा लागे, आणि वर्षअखेरीच्या तक्त्यात टायफॉइडचा आकडा फुगे. आता टायफॉइडच्या १ए०७ ला ‘तात्पुरतं निदान’ असा विस्तार जोडता येतो. संशोधनासाठी आकडे काढताना हे रुग्ण बाजूला करता येतात.

आकड्यांवरूनच एक इशारा. पक्षाघात आयसीडी-१० मध्ये रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता, आयसीडी-११ मध्ये तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात ८बी११ वगैरे ठिकाणी गेला आहे. दोन वर्षांचे प्रकरणवार आलेख शेजारी ठेवले तर हृदयविकार एकदम कमी झाल्यासारखं वाटेल. प्रबंधासाठी असा आलेख काढणाऱ्याने आधी संघटनेचे मॅपिंग तक्ते उतरवून घ्यावेत. तेही मोफत आहेत, आणि तिथे एका जुन्या कोडला एकच नवा कोड मिळतो अशी समजूत लगेच मोडते.

आता उणिवा. इथल्या ओपीडीची भाषा या टूलला येत नाही. पेशंट हिंदी, माळवी, निमाडी, मराठी बोलतो आणि पर्चीवर उतरतं ‘घबराहट’. त्याचा अर्थ छातीत धडधड, धाप लागणं किंवा नुसती धास्ती, यांपैकी काहीही असू शकतो, आणि तिन्हींचे कोड वेगवेगळे. लकवा, पीलिया, शुगर यांचंही तेच. स्वतःची समानार्थी शब्दांची यादी करायची तर ती वेगळ्या तक्त्यात ठेवा, मूळ वर्गीकरणात मिसळू नका. आयसीडी-११ चा परवाना वापरायला मोकळा आहे, पण बदल करून वाटायला परवानगी देत नाही. केसपेपरवरची संक्षेपं, म्हणजे के/सी/ओ (आधीपासून माहीत असलेला आजार), एचटीएन (उच्च रक्तदाब), आरटीए (रस्ता अपघात), हीदेखील पेटीत टाकण्याआधी पूर्ण शब्दांत उलगडून घ्या. आणि ‘के/सी/ओ’ पुढचं सगळं आत्ताच्या भरतीचं मुख्य निदान समजू नका, ही चूक शिकाऊ कोडरच्या दर दुसऱ्या फाइलमध्ये असते.

दुसरी उणीव व्यवहाराची. आयसीडी-११ जागतिक पातळीवर १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, पण इथल्या विम्याच्या क्लेम फॉर्मच्या ब भागात अजून आयसीडी-१० चा रकाना आहे. म्हणजे विद्यार्थ्याला दोन्ही यायला हवं. आयसीडी-१० साठी संघटनेचं स्वयंअध्ययन साधन वेगळं आहे. दिसायला जुनाट, पण खंड १, २ आणि ३ एकत्र कसे वापरायचे हे त्याच्याइतकं नीट कुठे शिकवलेलं नाही. आधी खंड ३ मध्ये, म्हणजे निर्देशिकेत, मुख्य शब्द, मग खंड १ मध्ये पडताळणी. पडताळणी न करता नुसत्या निर्देशिकेवरून कोड देणं म्हणजे पत्ता न वाचता टपाल टाकणं.

आयुर्वेदवाल्यांसाठी: पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचा भाग आला आहे, जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत त्याचं प्रकाशन झालं. बीएएमएस करून इन्फॉर्मॅटिक्सकडे वळणाऱ्याला प्रबंधाचा विषय इथे आयता मिळतो.

डोरिस थोडक्यात. मृत्यू प्रमाणपत्राच्या पहिल्या भागातले अ, ब, क आणि दुसरा भाग भरले की मूळ कारण कोणतं धरायचं ते नियमांप्रमाणे निवडून देतं, आणि कोणता नियम लावला तेही दाखवतं. फॉर्म ४ वर (रुग्णालयाच्या मृत्यू-कारणाच्या प्रमाणपत्रावर) सर्रास दिसणारं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एकट्याने टाकून बघा. हृदय थांबणं हे मरणाचं कारण नसून मरण्याची रीत आहे, हे वर्गात दहादा सांगूनही पटत नाही ते इथे एका क्लिकमध्ये पटतं.

एपीआय हा भाग प्रोग्रॅमिंगची थोडी जाण असलेल्यांसाठी, आणि मास्टर्सच्या अर्जात दाखवण्यासारखं काम इथेच होतं. नोंदणी केली की क्लायंट आयडी आणि सिक्रेट मिळतं, त्यावरून टोकन घ्यायचं, मग विचारणा. सुरुवातीला अडतं ते दोन ठिकाणी. विनंतीच्या हेडरमध्ये एपीआयची आवृत्ती व्ही२ आणि भाषा लिहायची राहून जाते, आणि टोकनची मुदत संपली हे लक्षात न येता तासभर कोडमध्ये चूक शोधली जाते. नेट धड नसेल तर डॉकरवर हाच एपीआय आपल्या लॅपटॉपवर चालवता येतो, तिथे टोकनची भानगडच नाही. प्रकल्पात कोणत्या वर्षाची आवृत्ती वापरली ते मात्र लिहून ठेवा. नवी आवृत्ती दरवर्षी येते.

सरावासाठी: नाव, एमआरडी नंबर, मोबाइल पूर्ण झाकलेल्या तीसेक डिस्चार्ज समऱ्या विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीने घ्या, मोबाइलवर फोटो काढून नको. दोघांनी स्वतंत्रपणे कोड द्या, एकमेकांचं न बघता. मग जुळणी काढा, एकदा चार अक्षरांपर्यंत आणि एकदा पूर्ण कोडची, आणि नुसत्या टक्केवारीबरोबर कोहेनचा कॅपाही (योगायोगाने झालेली जुळणी वजा करून मोजणारा आकडा) काढा. जिथे जुळलं नाही त्या प्रत्येक फाइलचं कारण एका ओळीत लिहा: अक्षर वाचता आलं नाही, निदान अपुरं, नियम माहीत नव्हता, की टूलमधली पहिली ओळ उचलली. हा तक्ता देवी अहिल्या विश्वविद्यालयात हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन करणाऱ्यालाही प्रकल्प म्हणून पुरेल.

एवढ्यावर इन्फॉर्मॅटिक्स संपत नाही. स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांचा कोश) आणि एफएचआयआर (आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीचं मानक) या संचात नाहीत. त्यांसाठी पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय संसाधन केंद्राकडे जावं लागतं. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य असल्याने इथे त्याला शुल्क नाही, फक्त परवाना नोंदवावा लागतो. ज्याला सरळ रेकॉर्ड रूमचीच नोकरी हवी आहे त्याने केंद्रीय आरोग्य आसूचना ब्युरोचं प्रशिक्षण बघावं: मेडिकल रेकॉर्ड ऑफिसरचं एक वर्षाचं, टेक्निशियनचं सहा महिन्यांचं.

अमेरिकेत मास्टर्स करून आरएचआयए (हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटची तिथली व्यावसायिक) परीक्षा द्यायची असेल तर सीएएचआयआयएमची (अशा कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता तपासा, आणि ती विद्यापीठाच्या नावाने नाही, कोर्सच्या नावाने शोधा. एकाच विद्यापीठात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचा कोर्स मान्य आणि शेजारचा अमान्य असं असू शकतं. शिवाय मान्यताप्राप्त असला तरी हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचा मास्टर्स या परीक्षेला चालत नाही, मॅनेजमेंटचाच लागतो. एजंटच्या माहितीपत्रकात दोन्ही नावं एकाच ओळीत छापलेली असतात, म्हणून प्रवेशपत्रावर नेमकं कोणतं आहे ते पैसे भरण्याआधी वाचा.